पाळीव प्राणी आणि आपले डोळे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एका नेत्रवैद्याने मांजराविषयी बोलावे, हे आपणांस किंचित विचित्र वाटेल. परंतु 2023 च्या पावसाळ्यातील एक प्रसंग मला राहून राहून आठवतो. त्या जुलैत यमुनेला पूर आला आणि पाठोपाठ दिल्लीत घरोघरी डोळे आले. ती साथ मुख्यत्वे विषाणूंची होती. घरात एकाला झाली की सर्वांना होई. अशा दिवसांत नोएडातील एका मराठी कुटुंबातील दहा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. दुकानातून परस्पर आणलेले थेंब पंधरा दिवस घालून झाले होते, तरी डोळा निवळत नव्हता.

डोळा एकच लाल होता. घरात इतर कोणाचे डोळे आले नव्हते. पापणी उलटून पाहिली, तर आत दाण्यांसारखे उंचवटे. आणि त्याच बाजूला, कानापुढे, सुपारीएवढी दुखरी गाठ. साथीतही तेथे गाठ येते, पण एवढी मोठी क्वचितच.

"घरी मांजर आहे का?" मी विचारले. मुलीने नकारार्थी मान हलविली. वडील हसले, "डॉक्टरसाहेब, भाड्याच्या घरात मांजर कुठले!"

तिसऱ्यांदा, आईवडिलांना बाहेर बसवून विचारले, तेव्हा ती रडू लागली. जिन्याखाली एक पिल्लू होते. आपल्या वाट्याचे दूध ती त्याला नेऊन घाली. बाबांना कळले, तर ते त्याला पोत्यात घालून दूर सोडून येतील, हे तिचे भय.

प्राण्यांपासून होणाऱ्या या नेत्रविकाराचे वर्णन पॅरिसचे नेत्रवैद्य पारिनो यांनी 1889 मध्येच केले होते. त्यामागील प्रमुख जंतू, बार्टोनेला हेन्सेली, ओळखू यायला मात्र 1992 उजाडले. तो मांजराच्या रक्तात निमूटपणे राहतो. मांजर स्वतः सहसा आजारी दिसत नाही. पिसवा तो एका मांजराकडून दुसऱ्याकडे नेतात. त्यांची विष्ठा मांजराच्या केसांत व नखांत राहते. मग बोचकाऱ्यातून, किंवा तोच हात डोळ्याला लागला म्हणजे, जंतू आपल्यापर्यंत पोहोचतो. बहुधा काही आठवड्यांत दुखणे उतरते. क्वचित मात्र ते डोळ्याच्या मागील पडद्यापर्यंत जाते, तेथे चांदणीसारखी नक्षी उमटते आणि दृष्टी एकाएकी मंदावते. म्हणून विलंब नको, आणि न विचारता स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत. पिल्लाला शिवू नका, असे मी सांगत नाही. हात धुतल्यावाचून डोळे चोळू नका, एवढेच सांगतो.

कुत्र्यांविषयी बोलण्यास आज वेळ नाही. तरी अनोळखी कुत्र्याची लाळ डोळ्यात गेल्यास डोळा भरपूर पाण्याने धुवावा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

त्या मुलीचे निदान रक्ततपासणीने पक्के झाले व औषधाने डोळा निवळला. वडिलांनी पिल्लू पोत्यात घातले खरे, परंतु पशुवैद्याकडे नेण्यासाठी. पिसवांचे औषध झाले, नखे कापली गेली. घरमालकाची समजूत घालायला मात्र मला जावे लागले.