आधी नाव लिहून घ्या

पहाटेची एसटी धरून आलेले पालक आणि आज समाजकार्याची पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

अशा प्रसंगी पाहुण्याने स्वप्नांविषयी बोलावं अशी रीत आहे. मी एका यादीविषयी बोलणार आहे. पूर, भूकंप, दरड किंवा साथ आली की काही मुलं आईबापांपासून तुटतात. त्यांची पहिल्या दोन-तीन दिवसांत करायची ती यादी. मूल कुठे सापडलं, अंगावर काय होतं, कोणाच्या हाती दिलं, तो माणूस नातं काय सांगतो आणि त्या नात्याची खात्री कोणी केली. काम कंटाळवाणं आहे. तुमच्यातले काही जण पुढची कित्येक वर्षं हेच करणार आहेत, म्हणून आजच कानावर घालते.

सुरुवात आपल्याच भागापासून करू. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून उशिरा झोपलेली गावं पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची घरं दगडमातीची, भिंती हात-दोन हात रुंद, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरंच झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या घरात माणसं गेली.

मागे राहिलेल्या मुलांसाठी जे उभं राहिलं, ते महाराष्ट्राने अभिमानाने सांगावं असंच आहे. शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पन्नालाल सुराणांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभं केलं. या कामाबद्दल मला आदर आहे, आणि तरीही एक प्रश्न विचारायचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली होती, त्याला भूकंपाच्या वेळी वर्षही झालं नव्हतं. बाल न्याय कायदा १९८६ चा होता आणि त्यात बालकल्याण मंडळांची तरतूदही होती. पण जिल्ह्याजिल्ह्यांत बाल संरक्षण कक्ष आले ते २००९ नंतर. पडलेल्या गावात जाऊन एकेका मुलाची विचारपूस करायची, त्याचा मामा कुठल्या तालुक्यात असतो ते शोधून काढायचं, हे ज्याचं नेमून दिलेलं काम आहे असा माणूस तेव्हा नव्हता. पुढे आलेले हात सचोटीचे निघाले, हे त्या माणसांचं मोठेपण. त्याच वाटेने दुसरा कोणी गाडी घेऊन आला असता, तर त्याला अडवून 'कागद दाखवा' म्हणणारं कोण होतं?

हैतीत तो दुसरा कोणी आला. १२ जानेवारी २०१० ला तिथे भूकंप झाला. २९ जानेवारीला अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या चर्चशी जोडलेली दहा माणसं तेहतीस मुलांना बसमधून शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेताना सीमेवर पकडली गेली. मुलं अनाथ आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. चौकशीत निघालं की बहुतेकांची आई किंवा वडील, कोणी ना कोणी जिवंत होतं. घरच्यांनीच मुलं सोपवली होती. तिकडे शाळा आहे, खेळायला मैदान आहे, पोहायला तलाव आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

त्या दहा जणांवर जगभर पुष्कळ लिहून आलं. मला त्या आईबापांविषयी जास्त बोलावंसं वाटतं. घर पडलंय, मजुरी बंद आहे, पाण्यासाठी रांग आहे, आणि समोरचा नीटनेटका माणूस म्हणतोय की मूल आमच्याकडे द्या, त्याचं कल्याण होईल. 'नाही' म्हणायला त्या बाईच्या हातात काय होतं? तिला त्याच आठवड्यात ताडपत्री, महिन्याचं धान्य आणि थोडी रोख रक्कम मिळाली असती, तर त्यातली बरीच मुलं बसमध्ये चढली नसती. मुलाचं संरक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोलीस येतात, बालगृह येतं. शिधा येत नाही.

त्याआधी, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर, इंडोनेशियाने एक शहाणपणाचा हुकूम काढला होता: सोळा वर्षांखालच्या मुलाला पालकांशिवाय आचे प्रांताबाहेर न्यायचं नाही. तमिळनाडू सरकारनेही घाईघाईच्या दत्तकाला आडकाठी केली. दोन्ही निर्णय बरोबरच होते. पण पुढे आचेतल्या बालगृहांची पाहणी झाली तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली. त्सुनामीनंतर तिथे दाखल झालेल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात होते, आणि शिक्षण होईल म्हणून घरच्यांनीच त्यांना आणून सोडलं होतं. मदतीचा पैसा बालगृहांकडे येत होता, घरांकडे येत नव्हता. देणगीदाराला इमारतीवर पाटी लावता येते. आजीच्या हाती दर महिन्याला पडणाऱ्या रकमेवर कुठे लावणार? पैसा जिथे ठेवाल तिथे मूल जातं. आपल्याकडच्या बाल न्याय कायद्यातही संस्था हा शेवटचा उपाय मानलेला आहे. कायद्याचं हे तत्त्व परीक्षेत तुम्ही लिहिलं असेल. नोकरीत ते पाळणं जड जातं, कारण संस्थेत मूल ठेवलं की फाइल बंद होते आणि आजीकडे ठेवलं की पुन्हा पुन्हा तिच्या घरी जावं लागतं.

यादी नेटाने केली तर काय होतं, तेही ऐका. १९९४ च्या नरसंहारानंतर रवांडात आणि आसपासच्या देशांत कुटुंबापासून तुटलेल्या लाखाच्या वर मुलांची नोंद झाली. कित्येक मुलं इतकी लहान की गावाचं नाव सांगता येईना, आईचं नाव विचारलं तर 'आई' एवढंच. रेड क्रॉस, युनिसेफ आणि त्यांच्यासोबतच्या संस्थांनी मुलांचे फोटो काढून फलकांवर लावले आणि ते फलक छावण्यांतून, गावांतून फिरवले. वर्षानुवर्षं हे चाललं. पन्नास हजारांहून अधिक मुलं आपल्या माणसांत परत गेली. यंत्र म्हणाल तर एक कॅमेरा. बाकी चालणं, विचारणं, लिहून ठेवणं आणि पुन्हा विचारायला जाणं.

आता २०२१ चा मे महिना आठवा. घराघरांत ऑक्सिजनची धावाधाव चालू होती आणि व्हॉट्सॲपवर संदेश फिरत होते: अमुक दिवसांची मुलगी आहे, आईवडील करोनात गेले, दत्तक घ्यायचं असेल तर या नंबरवर फोन करा. शिकलीसवरली, मायाळू माणसं ते संदेश पुढे पाठवत होती. त्या नंबरमागे कोण आहे, हे विचारायला कोणी थांबत नव्हतं. शेवटी जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं की अशी बेकायदा दत्तकं थांबवा, संबंधितांवर कारवाई करा. एकटं सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत कळवलंच पाहिजे, न कळवणं हाही गुन्हा आहे. ते दत्तकासाठी मोकळं आहे असं जाहीर करण्यापूर्वी बाल कल्याण समितीने त्याच्या माणसांचा शोध घ्यायचा असतो. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिने, त्याहून मोठ्यासाठी चार महिने अशी मुदत आहे. लोकांना हा सरकारी वेळकाढूपणा वाटतो. सुरतेला कामाला गेलेल्या बापाला किंवा रुग्णालयात पडलेल्या आजीला मुलापर्यंत पोहोचता यावं, म्हणून ती मुदत ठेवलेली आहे. तुमच्यावर ओरडायला येणाऱ्यांना हे शांतपणे सांगा. ओरडणारी माणसं बहुधा चांगलीच असतात.

करोनात आपल्या राज्याने एरवीपेक्षा लवकर हालचाल केली, हे मान्य करायला हवं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दलं झाली. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव आली. एक पालक गेलेल्यांना बालसंगोपन योजनेत घेतलं. तिचे महिन्याचे ११०० रुपये पुढे २२५० झाले. तहसीलदारांकडे अशा घरांसाठी मिशन वात्सल्यची समिती आली. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करोनात पती गमावलेल्या स्त्रियांसाठी तालुक्या-तालुक्यांत पाठपुरावा केला, म्हणून त्यातलं बरंच कागदावरून खाली उतरलं.

अडलं ते पुढे. मृत्यूच्या दाखल्यावर करोना लिहिलेलं नाही. बँकेत खातं नवऱ्याच्याच नावाचं. आणि तलाठ्याकडची वारसनोंद. तुम्हाला वाटेल, सातबाऱ्याचा आणि बाल संरक्षणाचा काय संबंध? सुनेचं आणि मुलांचं नाव जमिनीला लागलं नाही, की ती मुलं घेऊन माहेरी जाते. वर्षभरात भावजयीला जड होते. मग दहावीतल्या मुलीला स्थळ येतं, आणि 'एक जबाबदारी कमी झाली' म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ग्रामसेवक हा कायद्याने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. पण तो लग्नाच्या दिवशी मांडवात जाऊन करणार काय? ते लग्न तलाठ्याच्या कार्यालयात, वर्षभर आधी थांबवायचं असतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं, कर्जाने खचून बापाने जीव दिलेल्या घरातली मुलं, हेही संकटच आहे. फक्त त्याला तारीख नसते म्हणून हेलिकॉप्टर येत नाही. यावर स्वतंत्र भाषण होईल, आज तेवढा वेळ नाही.

तुमच्या नोकरीविषयीही स्पष्ट बोलते, कारण पालक इथे बसलेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बहुतेक पदं कंत्राटी आहेत. संरक्षण अधिकारी, समुपदेशक, क्षेत्र कार्यकर्ता, नाव काहीही असो, मानधन जबाबदारीच्या मानाने तुटपुंजं आहे. ज्या माणसाला आपली मुदतवाढ होईल की नाही याची धास्ती आहे, त्याने दुसऱ्याच्या लेकराच्या भवितव्याची हमी घ्यावी अशी आपली अपेक्षा असते. व्यासपीठावर बसलेल्या मंडळींनी हे शासनाला लिहून कळवावं, अशी माझी विनंती आहे. भाषणात टाळ्या पडून ते बदलत नाही.

तोवर जे हातात आहे ते करा. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेला १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आता सरकारी यंत्रणेकडे आहे. पुराच्या छावणीत तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, पाण्याच्या टाकीजवळ आणि शौचालयाजवळही. छावणीत मुलींना सर्वांत जास्त भीती रात्री शौचालयाला जाताना वाटते, म्हणून तिथे दिवा लावून घेणं हे तुमचं काम आहे, वीज मंडळाचा माणूस काहीही म्हणो. गावात पाऊल टाकलं की आधी अंगणवाडी सेविकेला भेटा. ग्राम बाल संरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष आणि त्या सचिव असतात. कुठल्या घरात किती लेकरं, कोण आजोळी गेलंय, कोण आश्रमशाळेत आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. दरडीखाली गाव गेल्यावर आश्रमशाळेत असल्यामुळे वाचलेली मुलं आपण इर्शाळवाडीत पाहिली. अशा वेळी सेविकेची वही कुठल्याही पोर्टलच्या आधी कामी येते, आणि पुरात ती भिजू नये म्हणून तिची एक प्रत तालुक्याला असायला हवी.

आणखी एक. दरवर्षी पावसाळ्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाची आढावा बैठक होते. बोटी किती, पट्टीचे पोहणारे कोण, जेसीबी कोणाकडे, सर्पमित्रांचे नंबर, सगळं आराखड्यात असतं. बाल संरक्षण कक्षाला त्या बैठकीचं बोलावणं येत नसेल तर मागून घ्या आणि जाताना एक पान टाइप करून न्या: छावणीत मुलांची नोंद कोण करणार, मूल कोणाच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही, रात्री दोन वाजता बाल कल्याण समितीतल्या कोणाला फोन लावायचा. नुसती सूचना मांडलीत तर ती इतिवृत्तात राहील. तयार पान दिलंत तर लिपिक ते आराखड्याला जोडून टाकतो. बैठक बहुतेक ठिकाणी एप्रिल-मेमध्ये असते. रुजू व्हाल त्याच दिवशी तारीख विचारून ठेवा.

पदवीबद्दल सगळ्यांचं अभिनंदन.