दिव्यांआधी बॅटरीचं बोलू



धडगावकडच्या पाड्यांना सौरदिवे द्यायचं आपल्या बॅचने ठरवलंय. बसवणं सोपं आहे. पॅनेल 25 वर्षं चालतं. शिशाची बॅटरी मात्र 4-5 वर्षांत दमते. रोज पार उतरवली, डिस्टिल्ड वॉटर घालायचं राहिलं, तर त्याआधीच. (सर, हे तुम्ही नववीतच सांगितलं होतंत!) मग पॅनेल छपरावर आणि घरात पुन्हा रॉकेलची चिमणी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग, पण हलकी आणि कितीतरी जास्त टिकते. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने निरक्षर बायकांनाही सौरदिव्यांची दुरुस्ती शिकवली. आपणही पाड्यावरच्या दोघींना शिकवू. घरं कमी घेऊ, पण निम्मा निधी पुढच्या बॅटऱ्यांसाठी बँकेत ठेवू. हिशेब मी पाहीन.