बेरीज वेळेची, जिंकणं संघाचं

जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही पुरुषांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. सुरुवातीला घड्याळाविरुद्धची छोटी फेरी, मग चार टप्पे. एकूण सुमारे ४३७ किलोमीटर. अशा शर्यतीत प्रत्येक टप्प्याच्या वेळेची बेरीज करतात. सर्वांत कमी वेळ ज्याचा, तो विजेता. एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते! पुढचा सायकलपटू वारा अंगावर घेतो, त्याच्या आडोशाने मागच्याची ताकद वाचते. म्हणून संघातले सहकारी आळीपाळीने पुढे राहून आपल्या प्रमुख सायकलपटूला जपतात. पुण्यापासून दूर, तेलंगणातल्या आदिलाबादमध्ये सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलामुलींपर्यंतही हा खेळ पोहोचायलाच हवा. त्यांना सुरक्षित रस्ते आणि जाणता प्रशिक्षक मिळावा, हीच इच्छा.