वसुलीची दांडगाई आणि तडजोड
(देवरूख येथील भाषण)

साथींनो, आपल्या गावात कर्जदार व्याजापेक्षा अब्रूला अधिक भितो. वसुली एजंट हे नेमके हेरतो आणि भर वाडीत उभा राहून ओरडतो. परंतु मर्यादा त्याने ओलांडली की पुरावा आपल्या हाती येतो.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतरचे वसुलीचे फोन, धमकी आणि चारचौघांतील मानहानी यांस मनाई केली. एजंटाच्या कृत्याची जबाबदारी बँकेवरच ठेवली.

म्हणून वेळ, शब्द, साक्षीदार लिहून ठेवा. लेखी तक्रार प्रथम बँकेकडे करा. ३० दिवसांत दाद न लागल्यास लोकपालाकडे जा. मग तडजोडीस बसा. एजंटाच्या दांडगाईने कर्ज फिटत नाही, मुद्दल देणे आहेच. परंतु दंडव्याज सोडा, हप्ते पाडून द्या, हे आता ताठ मानेने मागता येते. धमकीस प्रतिधमकी मात्र देऊ नका. ठरलेले लेखी घ्या, फेडीनंतर बेबाकीचा दाखला घ्या.

आणि एजंट शेजाऱ्याच्या दारी आला, तर दार लावून घेऊ नका. त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. संघटना तेथूनच सुरू होते.