आधी मुळी बघा



आमचा बचत गट मिरचीची रोपं तयार करून विकतो. मागच्या मोसमात रोपं वाढेनात, म्हणून आम्ही दुकानातून ‘मुळी वाढवणारं’ औषध आणलं. लेबल न वाचता दुप्पट ओतलं. चार ट्रेमधली रोपं खुजी राहिली. उपटून पाहिली, तर मुळ्या आखूड, टोकं तपकिरी! पैसे गेलेच, पण गिऱ्हाइकांना दिलेला शब्दही गेला. मग मुळी वाढते तरी कशी, हे आम्ही समजून घेतलं.

मुळी टोकाशी वाढते. तिथे एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होत असतात. या कामाला पॉलिअमाइन नावाचे पदार्थ लागतात. पुट्रेसिन, स्पर्मिडिन, स्पर्मिन ही त्यांतली मुख्य नावं. नावं अवघड आहेत, पण हे पदार्थ मोड आलेल्या मटकीत असतात आणि आपल्या शरीरातही असतात. मुळांनी घेतलेल्या नत्रातून रोप ते स्वतःच तयार करतं.

शास्त्रज्ञांनी प्रयोगात रोपाला ते बनवू दिले नाहीत, तेव्हा मुळीची वाढ अडली. बाहेरून जास्त दिले, तेव्हाही मुळी खुंटली. आमटीतल्या मिठासारखंच हे. कमी चालत नाही, जास्तही चालत नाही.

खताचा तोल गेला तरी हे प्रमाण बिघडतं. 1952 साली रिचर्ड्स आणि कोलमन या शास्त्रज्ञांना पालाश कमी पडलेल्या जवाच्या रोपांत पुट्रेसिन साचलेलं आढळलं. म्हणून नुसता युरिया टाकून भागत नाही, पालाशही हवं.

आमच्या बाटलीत पॉलिअमाइन नव्हते, घटक वेगळेच होते. पण धडा तोच. मुळीच्या कामात हात घालायचा तो मोजूनमापून.

आता आम्ही कोकोपीट मुठीत दाबून बघतो आणि गरज असेल तरच पाणी देतो. चिखल झाला की मुळीला हवा मिळत नाही, वाफसा हवा. दर आठवड्याला एक रोप काढून मुळी तपासतो. नवीन औषध आणलंच, तर लेबलवरच्या मापानं आधी एकाच ट्रेला देतो.

यंदा आमच्या रोपांची मुळी पांढरीशुभ्र आहे. तुम्हीही बाटली आणायच्या आधी एक रोप उपटून बघा.