मुलांच्या उशाशीं जागणारे
(ज्युबिलीनिमित्त वेवजी येथें झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं पाया घालणाऱ्यांचीं नांवें घ्यावयाचीं अशी रीत आहे, व ती आज पाळली गेली. आमच्या वांट्यास आलेल्या थोड्या वेळांत, ज्यांचें नांव कोणत्याहि शिळेवर कोरलें जात नाहीं अशांविषयीं आम्ही बोलणार आहों. आश्रमशाळांत व वसतिगृहांत मुलांपाशीं राहणारे अधीक्षक, अधीक्षिका, गृहपाल, स्वयंपाकी, कामाठी व पहारेकरी हीं तीं माणसें.

डहाणू-तलासरीच्या या टापूंत अशीं ठिकाणें पुष्कळ आहेत. तलासरीचें ज्ञानमाता सदन तर आपल्या परिचयाचेंच. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले म्हणजे कित्येक मुलांस घर असें तेंच उरतें.

शिक्षकाची सुटीची घंटा सायंकाळीं वाजते. अधीक्षिकेची वाजतच नाहीं. पहांटे पाणी आलें कीं नाहीं येथपासून तिचा दिवस सुरू होतो, आणि रात्रीं मुली मोजूनहि तो संपत नाहीं. पहिलींतलें मूल घरीं वारली बोलतें; आपल्याला काय दुखतें हें त्यास पुस्तकी मराठींत सांगतां येत नाहीं, आणि रात्रीं तर तें सांगतच नाहीं. निजलेल्या रांगेंत कोणाचें अंग तापलें आहे हें हातानें चाचपून ओळखावें लागतें. मलेरियाच्या व सिकलसेलच्या या मुलखांत ताप हा नुसता ताप नसतो.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं तर एकाच दिवसांत अनेक धक्के बसले व त्यांतील मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या थंडींत लोक तंबूंत व अंगणांत निजले. आपण आपलीं दोन-तीन मुलें उचलून बाहेर पळालों. जिच्यापाशीं चाळीस मुली निजलेल्या असतात, तिनें प्रथम कोणती उचलावी? अंधारांत चाळीसहि मोजून झाल्यावांचून तिला खालीं बसतां येत नाहीं. आणि तिचीं स्वतःचीं मुलें बहुधा दुसऱ्या गांवीं, आजीजवळ.

संत जॉन बॉस्कोची आई मार्गारेट १८४६ सालीं खेडें सोडून तुरीन शहरीं आली, व १८५६ मध्यें मरेपर्यंत पोरक्या मुलांचें रांधणें-शिवणें करीत राहिली. तिला ‘मामा’ मार्गारेट म्हणत. त्या भाषेंत मामा म्हणजे आई, आपल्या कानांस तें मौजेचें वाटतें. खेळतांना मुलांनीं तिची भाजी तुडविली तेव्हां तीहि कंटाळली व घरीं जातें म्हणाली. पुत्रानें न बोलतां क्रूसाकडे बोट दाखविलें, आणि ती राहिली.

परंतु ही गोष्ट सांगून कोणाचा पगार अडवूं नये. आश्रमशाळांतील कित्येक स्वयंपाकी व कामाठी वर्षानुवर्षें रोजंदारीवर राहिले, व कायम होण्यासाठीं त्यांस मोर्चे काढावे लागले. आम्हींहि आजवर किती मुलें उत्तीर्ण झालीं एवढेंच विचारीत आलों; रात्रीं त्यांच्यापाशीं कोण असतें, व त्यास आठवड्यांतून एक रात्र तरी झोप मिळते काय, हें विचारलें नाहीं. आमच्या मतें त्यांच्या जागीं एक रात्र बसावयास पर्यायी माणूस नेमणें हें कोणत्याहि मानपत्राहून अधिक उपयोगाचें.

आतां मुलें गाणें म्हणणार आहेत. त्यांना घेऊन आलेल्या बाई मंडपाच्या कडेस केव्हांच्या उभ्या आहेत. त्यांस कोणी खुर्ची द्यावी, एवढी विनंती करून आम्ही रजा घेतों.