नावामागचा माल



सुरत जिल्ह्यातील कामरेज हे तापीकाठचे तालुक्याचे गाव. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग तेथून जातो, भोवताली उसाची शेती आहे आणि सुरत शहर जवळच आहे. त्या शहरात खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी पापड, लोणचे वा गूळ विकणाऱ्यास पहिले गिऱ्हाईक सहज मिळते. प्रश्न दुसऱ्या खेपेचा असतो. एकदा माल घेऊन पुढे गेलेला प्रवासी तोच माल पुन्हा मागेल कसा? त्याकरिता मालास नाव व छाप लागते. मात्र नवा उद्योजक बहुधा रंगीत वेष्टन व मोठा फलक यांपासूनच आरंभ करतो, आणि तेथेच त्याचे भांडवल अडकते.

या बाबतीत लिज्जत पापडाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. जसवंतीबेन पोपट या त्यांपैकी एक. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. पहिल्या दिवशी चार पुडे तयार झाले. पुढे दोन प्रतींचे पापड काढावेत, त्यांतील एक हलक्या प्रतीचा व स्वस्त असावा, असा विचार निघाला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी तो मोडून काढला. माल एकाच प्रतीचा आणि हिशेब चोख, हा त्यांचा आग्रह होता. ‘लिज्जत’ हे नाव आले ते १९६२ मध्ये, स्पर्धा घेऊन. बक्षीस होते पाच रुपयांचे! म्हणजे सुमारे तीन वर्षे गिऱ्हाईक या नावावाचून पापड घेत होते.

पापड लाटणारे हात अनेक, पण चव एक, हे कसे साधले? केंद्रावर मळलेले पीठ भगिनी घरी नेतात, लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून देतात, आणि तपासणी झाल्यावरच ते स्वीकारले जातात. १९६८ मध्ये बारडोलीपलीकडील वालोड येथे शाखा निघाली. वालोड तेव्हा सुरत जिल्ह्यात होते, आज तापी जिल्ह्यात आहे. गिरगावाहून वालोडला नावाबरोबर ही शिस्तही गेली, म्हणून ते नाव तेथे टिकले. याच संस्थेने १९७९ मध्ये काडेपेटी व अगरबत्तीचे उद्योगही करून पाहिले. ते चालले नाहीत. पापडातील कीर्ती दुसऱ्या धंद्यात आपोआप उपयोगी पडत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

नाव निवडताना कायद्याचे भान ठेवावे. ‘शुद्ध’, ‘उत्तम’ असे केवळ गुण सांगणारे शब्द किंवा ‘सुरती’सारखे स्थळवाचक शब्द एकट्याने आपलेसे करून घेणे कठीण असते. सुरतेच्या जरीकामास भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. तो कोणा एका कारखानदाराचा नव्हे. वेष्टने छापण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदवहीत तेच किंवा तत्सम नाव आहे काय, हे पाहावे. छापून झाल्यावर हा शोध घेणारे अनेक असतात! १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमानुसार नोंदणी दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करता येते. लघुउद्योगास शुल्कात सवलत आहे. कामरेजच्या उद्योजकाने अहमदाबाद येथील, तर महाराष्ट्रातील उद्योजकाने मुंबई येथील कार्यालयाकडे अर्ज करावयाचा असतो.

खाद्यपदार्थाच्या पुड्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, किंमत, तारीख आणि अन्न परवाना अथवा नोंदणी क्रमांक स्पष्ट असावा. पत्ता बारीक अक्षरांत छापण्याचा मोह अनेकांना होतो, कारण पत्त्यावर तक्रार येते. ती आली पाहिजे. पुडा परत आल्यास बदलून द्यावा; कोणत्या दिवशीच्या पिठाचा होता आणि कशामुळे परत आला, हे वहीत लिहावे. पावसाळ्यात अपुऱ्या वाळलेल्या पापडांना बुरशी येऊ लागली, तर ती गोष्ट विक्रीच्या आकड्यांत दिसण्याआधी त्या वहीत दिसते.